चिंचेनं घासलेली किटली

एका माणसाची तीस वर्षं मी एका दुपारी चिंचेनं घासून काढली. आधी चिंच आणि मीठ, मग भांड्यांचा साबण, आणि नक्षीच्या खाचांत शिरायला मुलाचा जुना टूथब्रश. तो जुना आहे हे माझं मीच ठरवलं होतं. संध्याकाळी मुलगा बाथरूममध्ये शोधत बसला, ती गोष्ट वेगळी.

घासली ती एक मातीची किटली. जपानी, हातानं घडवलेली, हातानं कोरलेली आणि शेजाऱ्यांची. घासून झाल्यावर खिडकीशी नेऊन मी ती उजेडात फिरवून फिरवून पाहिली आणि स्वतःवर इतकी खूश झाले की विचारू नका. तेव्हा मी एकसष्ट वर्षांची होते. बाकीचे लोक आपला मूर्खपणा विशीतच उरकून घेतात. मी माझा राखून ठेवला होता, सवडीनं केला. आता त्र्याहत्तर चालू आहे आणि त्या एकसष्टच्या बाईकडे बघून मला हसू येतं. केवढा तो उत्साह! बरगड्या दुखेपर्यंत खोकत होती, पण घासायची थांबली नाही.

त्या हिवाळ्यात मी अमेरिकेत नोव्हाय गावी मुलाकडे आले होते, नातीला सांभाळायला म्हणून. आले तेव्हा कळलं की नात पूर्ण वेळ शाळेत जायला लागली आहे. सकाळी आठला तिघंही घराबाहेर पडत. मग चार वाजेपर्यंत घरात मी, हीटरची घरघर आणि काचेबाहेर बर्फ. भांडी मशीन घासायचं, कपडे मशीन धुवायचं आणि वाळवायचंही. आयुष्यभर मी कामाच्या नावानं बोटं मोडली, आणि आता काम नव्हतं तर त्याहून जास्त दमत होते. काम करून दमलेल्या माणसाला निदान डुलकी लागते. मी दुपारभर सोफ्यावर पडून राही, अंग जड झालेलं असे आणि डोळा काही लागत नसे. त्यात खोकला लागला.

आमची ती टाउनहाउसची रांग होती. दोन घरांमधली भिंत एवढी पातळ की पलीकडे कोणी शिंकलं तर इकडून ‘सत्य आहे’ म्हणावं. पलीकडे एक जपानी गृहस्थ एकटे राहायचे. नोव्हायमध्ये जपानी माणसं बरीच आहेत, मोटारींच्या कंपन्यांसाठी येतात आणि चार-पाच वर्षांनी परत जातात. हे आले ते राहिले. गाड्यांच्या सुट्या भागांचे साचे करायच्या कारखान्यात होते, रिटायर झाले होते. बायको दोन हिवाळ्यांपूर्वी गेली, एवढं सुनेकडून कळलं होतं. आमची ओळख म्हणजे कचऱ्याचे डबे रस्त्यावर काढताना त्यांनी मान लववायची आणि मी हात जोडायचे. बस.

एका दुपारी बेल वाजली. दारात ते उभे, टोपीवर बर्फ, हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी. आमच्या मधल्या भिंतीकडे बोट दाखवून त्यांनी हुबेहूब माझ्यासारखं खोकून दाखवलं.

“तुम्ही. तीन दिवस,” ते म्हणाले, आणि गाठोडं माझ्या हातात दिलं. “गरम. प्या.”

आम्हा दोघांचंही इंग्रजी यथातथाच होतं. मी ते इथे मराठीत लिहिते आहे, पण जितकं मोडकं होतं तितकंच ठेवते. सरळ करून लिहिलं तर ती माणसं आम्ही राहणार नाही.

कापडात ती किटली होती. ओंजळीत मावेल एवढी, लालसर मातीची. दांडा मागच्या बाजूला नव्हता, कुशीतून सरळ बाहेर आलेला, पळीच्या दांड्यासारखा. चिनीमातीवर असतो तसा काचेचा मुलामा नव्हता, तरी अंगाला एक मऊ चकाकी होती. आणि सगळ्या अंगावर पाण्याकाठच्या गवताची लांब पाती कोरलेली, वाऱ्यानं एकाच बाजूला कललेली. प्रत्येक खाच काळीकुट्ट. आत हिरवा चहा होता. चवीला मला तो पालेभाजी उकडून उरलेल्या पाण्यासारखा लागला, पण घशाला बरं वाटलं. सगळा प्यायले.

मग माझी नजर त्या काळ्या खाचांवर गेली आणि हात शिवशिवायला लागले.

मनात म्हटलं, बिचारा एकटा पुरुष. बायको गेल्यावर भांडी घासतंय कोण? आत डोकावले तर तिथेही तपकिरी थर. मला त्यांची कीव आली. दुसऱ्याची कीव आली की माणसाला फार जोर चढतो, मला तरी चढतो. दीड तास घासत होते. खाचांतून काळं पाणी निघत होतं आणि दर वेळी ते सिंकमध्ये उतरताना बघून मला काहीतरी मोठं काम केल्यासारखं वाटत होतं. महिनाभरात पहिल्यांदा मी त्या घरात कामाची ठरले होते.

आता दुसऱ्याचं भांडं परत रिकामं कसं द्यायचं? आपल्यात देत नाहीत. काही नाही तर चिमूटभर साखर तरी घालतात. साखर मला कमी वाटली. आदल्या दिवशीच पातळ पोह्यांचा चिवडा केला होता, सढळ हातानं हिंग घालून. तो मी किटलीत दाबून दाबून भरला, झाकण लावलं आणि तोटीत कढीपत्त्याचं एक पान खोचलं. शोभा म्हणून.

दुसऱ्या दिवशी नेऊन दिली. त्यांनी दोन्ही हातांनी घेतली. झाकण उचललं. आत बघितलं, पुन्हा लावलं. एका खाचेवरून बोट हळूच फिरवून पाहिलं.

“स्वच्छ,” ते म्हणाले. मग थोडं थांबून, “खूप स्वच्छ.” आणि वाकून नमस्कार केला.

मी तरंगत घरी आले. संध्याकाळी सुनेला हौसेनं सगळं सांगितलं. ती लॅपटॉपची बॅग खांद्यावर तशीच घेऊन उभी राहिली.

“आई, साबण? त्या किटलीला?”

“मग काय नुसतं गोंजारायचं?”

“अहो, तसल्या किटल्यांना साबण लावत नाहीत. नुसत्या गरम पाण्यानं विसळतात. ती माती सगळं आत ओढून घेते.”

“घेऊ दे की. हिंग पाचक असतो.”

“आई!”

“बरं बाई, पुढच्या वेळी नाही लावणार.”

एवढ्यावर मी विषय संपवला. शनिवारी त्या जपानी गृहस्थांची मुलगी जवळच्या ट्रॉय गावाहून आली, आधी त्यांच्याकडे आणि मग थेट आमच्याकडे. इथेच वाढलेली, चाळिशीची, इंग्रजी फाडफाड. आत या म्हटलं तर आली नाही, पायपुसण्यावरच उभी राहिली. सुनेकडे बघून म्हणाली, “तुमच्या सासूबाईंना विचाराल का, त्यांनी साबण वापरला होता का?”

तेवढं इंग्रजी मला येत होतं. “हो,” मीच म्हणाले, “आणि चिंच. चिंचेनं जास्त निघालं.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागावली असती तर परवडलं असतं. ती दमलेल्या आवाजात, एखाद्या लहान मुलाला सांगावं तसं सांगत गेली. ही किटली तिच्या वडिलांनी तिच्या आईसाठी केली होती, या देशात आले त्या वर्षी. आई तीस वर्षं रोज त्यातच चहा करायची. साबण एकदाही लागला नव्हता. खाचांत जे काळं होतं तो आईचा चहा होता, रोज घोटभर किटलीच्या अंगावर ओतून मुरवलेला. ती गेल्यावर वडील कधी कधी किटलीत चहाची पत्ती न घालता नुसतं गरम पाणी ओततात, कारण इतक्या वर्षांच्या मातीतून त्या पाण्यालाही थोडा रंग येतो, थोडा वास येतो. तेवढंच ते पितात आणि बसून राहतात.

“काल त्यांनी पाणी ओतलं,” ती म्हणाली. “आता त्याला मसाल्याचा वास येतो.”

सून माझ्याकडे बघेना. मुलगी गेल्यावर तिनं दार लावलं आणि हळूच म्हणाली, “आई, त्यांनी दुसऱ्या कुठल्या किटलीतून चहा दिला असता तरी चाललं असतं. तुम्ही खोकत होतात म्हणून त्यांनी ती दिली.” हे तिनं सांगायला नको होतं. खरं होतं, म्हणूनच नको होतं.

पुढचे चार दिवस मी कचऱ्याचा डबासुद्धा खिडकीतून टेहळणी करून बाहेर काढला. पाचव्या दिवशी मलाच माझा कंटाळा आला. कोट चढवला, बूट चढवले आणि शेजारच्या दारात गेले. जन्मात पहिल्यांदा कोणाच्या घरी हात हलवत गेले. काही नेण्याची हिंमत उरली नव्हती.

त्यांनी दार उघडलं आणि सरळ स्वयंपाकघरात नेलं. गॅसवर एका पातेल्यात पाणी मंद उकळत होतं, पाण्यात चहाची वापरलेली पत्ती आणि त्यात बुडालेली ती किटली. हिंग घालवायचा त्यांचा उपाय.

“चौथा दिवस,” ते म्हणाले. चिमट्यानं किटली वर काढली, वास घेतला, विचार केला. मग माझ्या नाकाशी धरली. “अजून इंडिया.”

मला रडावं की हसावं कळेना. मी सॉरी म्हटलं. पुन्हा म्हटलं. मग मराठीत म्हटलं, कारण इंग्रजीत तो शब्द फारच छोटा आहे. त्यांनी हात वर करून थांबवलं.

“तुम्हाला माहीत नाही. मी सांगितलं नाही. दोघं चूक.”

“तुम्ही दुसरी करा ना,” मी म्हणाले. “अशीच. हुबेहूब.” बघा, अजून अक्कल आली नव्हती.

त्यावर ते मला गराजमध्ये घेऊन गेले. गाडी बाहेर बर्फात उभी होती कारण आतली जागा मातीला दिलेली. एक चाक, एक छोटा हीटर, भिंतीला फळ्या आणि फळ्यांवर किटल्या. त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि एका अर्धवट किटलीचे तुकडे पुढे मांडले. पोट, तोटी, झाकण आणि दांडा, सगळं वेगवेगळं घडवायचं आणि मग जोडायचं. तोटीच्या तोंडाशी आतून बारीक भोकांची चाळणी, ती भोकं पाडायला छत्रीच्या काडीची केलेली नळी. झाकण आणि तोंड बारीक रेतीत एकमेकांवर घासून घासून बसवायचं. एका तयार किटलीत पाणी भरून त्यांनी झाकणाच्या भोकावर बोट ठेवलं आणि ती कलती केली. तोटीतून येणारी धार थांबली. बोट उचललं, सुरू झाली. साचे करणाऱ्या माणसाचा हात होता तो. केसाइतकीही फट नव्हती.

मग कोरणं. ते कधी करायचं हे मला त्यांनी न सांगताच कळलं. नारळाच्या वड्या थापल्यावर सुरी फिरवायची एक वेळ असते. घाई केली तर चिकटतं, उशीर झाला तर तुकडे पडतात. ती वेळ घड्याळ सांगत नाही, बोट सांगतं. ते मातीला तसंच बोट लावून बघत होते. करवतीच्या जुन्या पात्यापासून केलेलं एक हत्यार त्यांनी उचललं. गवताचं पातं मुळापासून वर एका झटक्यात काढायचं, मुळाशी दाब, वर जाताना तो सोडत सोडत, शेवटी हत्यार कधी सुटलं ते कळू नये. परत गिरवायचं नाही. गिरवलं की गवत मरतं, असं काहीतरी ते म्हणाले.

आणि त्यांनी त्या अर्धवट किटलीच्या पोटावर एक पातं काढून दाखवलं. अर्ध्यावर हात हलला. बारीकसाच, पण त्या ओल्या मातीनं तो टिपून घेतला. पातं मध्येच वाकडं झालं. त्यांनी हात माझ्यापुढे पसरला. बोटं थरथरत होती, वाऱ्यावर पातळ कागद थरथरतो तशी.

“आता मी साधी करतो. गवत नाही. गवत तीन वर्षं नाही.”

त्यांनी ती किटली मुठीत दाबून तिचा गोळा केला आणि बादलीत टाकला. मला ओरडावंसं वाटलं, अहो असू द्या, मला द्या. पण त्या आठवड्यात माझं मत कोणाला द्यायची माझी पत नव्हती.

हवं तर तुम्ही करून बघा म्हणून त्यांनी एक टाकाऊ भांडं माझ्या पुढ्यात ठेवलं. मी जन्मभर रांगोळ्या काढलेली बाई, मला वाटलं त्यात काय. माझं गवत शेवग्याच्या शेंगेसारखं आलं. त्यांनी ते चष्मा वर करून नीट पाहिलं. “भाजी?” त्यांनी विचारलं.

परत निघताना त्यांनी फळीवरची एक नवी, गवत असलेली किटली दाखवली, जुन्या दिवसांतली, कधीच न वापरलेली. मला आधी ती साधीच वाटली. उजेडाकडे तिरकी धरली तेव्हा कुठे पाती दिसली, लालावर लाल. म्हणजे मी ज्याला मळ म्हणाले त्यानंच ती नक्षी दिसत होती. हे मला कोणी समजावून सांगितलं नाही. मी ती तिरकी धरून उभ्या उभ्या बघत राहिले.

“किती दिवस लागतील?” मी विचारलं. “ती परत काळी व्हायला?”

त्यांनी खांदे उडवले. “रोज चहा. मी एकटा, दिवसाला एक किटली चहा. दोन माणसं, दोन किटल्या. लवकर.” मग म्हणाले, “मी सत्त्याहत्तर.”

तर असं मला दुपारचं काम मिळालं. रोज दोन वाजता जायचं आणि ते बेचव पाणी प्यायचं. चहा मी करायचा, कारण त्यांचा हात त्या आडव्या दांड्यानं ओतताना सांडायचा. आता शेजारी राहत नाहीत ते, मुलीकडे गेले, किटलीही सोबत गेली. माझीही बोटं हल्ली सकाळी मिटत नाहीत, पेन धरायचं तर आधी गरम पाण्यात बुडवावी लागतात. पण त्या हिवाळ्यातलं ते चहाचं काम मला आठवतं ते बहुतेक कंटाळा म्हणूनच. केवढी ती यातायात! आधी पाणी उकळायचं. मग ते उकळतं पाणी किटलीत घालायचं नाही. पेल्यांत ओतायचं, पेला हातात धरवेल इतकं निवू द्यायचं, मग ते पेल्यांतलं किटलीत, मग थांबायचं, मग घोटभर किटलीच्याच अंगावर, मग पुन्हा पेल्यांत, थोडं याच्यात, थोडं त्याच्यात, शेवटच्या थेंबापर्यंत. आमच्या घरात चहा म्हणजे खळखळून उकळी फुटली पाहिजे. गरम केलेलं मुद्दाम गार करायचं आणि मग म्हणायचं गरम गरम प्या! पण मी मान खाली घालून करत होते. शिक्षा समजून करत होते, आणि शिक्षा चोख भोगायची मला सवय आहे. दर दिवशी किटली त्यांच्या हातात देण्याआधी मी खाचा बघायची. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. लालावर लाल. ते कधी नुसतं पाणी ओतून बघताना मला दिसले नाहीत. त्याची मला जास्त भीती वाटायची.

मार्चमध्ये नातीला ताप आला. शाळा बंद, रात्री जागरण, दिवसभर तिला मांडीवर घेऊन बसायचं. चौथ्या दिवशी सुनेनं सुट्टी घेतली आणि मला म्हणाली, “आई, तुम्ही जरा पडा आता.” मी पडले नाही, दोन वाजले होते. पाय ओढत शेजारी गेले. पाठीत उसण भरली होती, डोळ्यांत वाळू. ते गराजमध्ये काहीतरी आवरत होते. पाण्याला उकळी आली. मी त्या पेल्यांकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि म्हटलं, खड्ड्यात जाऊ दे. ते खळखळतं पाणी सरळ किटलीत ओतलं, वर झाकण दाबलं आणि साळसूदपणे खुर्चीत जाऊन बसले.

ते आले, हात पुसले, समोर बसले. मी पेले भरले. रंगावरूनच कळत होतं, हिरवट जाऊन पिवळा झाला होता. मी घोट घेतला तर कडूजहर, कारल्याच्या रसाला मागे टाकेल असा. त्यांनी पेला उचलला. एक घोट घेतला आणि थांबले.

मी तयारच होते. काय बोलतील ते बोलोत, आज माझ्यात सॉरी म्हणायचंही त्राण नव्हतं.

त्यांनी पेला खाली ठेवला नाही. दोन्ही हातांत धरून खिडकीबाहेर वितळणाऱ्या बर्फाकडे बघत, सावकाश, तळापर्यंत प्यायले. मग रिकामा पेला माझ्यापुढे केला. मी पुन्हा भरला. तोही प्यायले. किती वेळ गेला कोण जाणे, मला बसल्या बसल्या डुलकी लागत होती. मग त्यांनी किटली उचलली, ओल्या गवतावरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले. शब्दाला शब्द लिहिते:

“माझी बायको पण असंच. पाणी फार गरम. चहा कडू, रोज कडू. मी कधी सांगितलं नाही, ती रागावते. उद्या पण तुम्ही करा. असाच करा.”